घर तेच, राज्य निराळे

रायपूर शहरातील तात्यापारा या वस्तीत माझ्या आत्याचे घर होते. विवाहानंतर ती त्या घरात आली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. तिच्या निधनानंतर जुनी ट्रंक उघडली, तेव्हा कापडात बांधून ठेवलेल्या पत्रांचा एक गठ्ठा हाती आला. पहिल्या काही पत्रांवर गावाच्या नावाखाली ‘सी. पी. अँड बेरार’ असे लिहिलेले होते. पुढच्या पत्रांवर ‘मध्य प्रदेश’ होते. अगदी शेवटच्या थोड्या पत्रांवर ‘छत्तीसगढ’ असे होते. मधल्या ‘मध्य प्रदेश’ या एकाच नावामागेही दोन निराळी राज्ये दडलेली होती. १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती, त्यानंतर ती भोपाळ झाली. आत्याने घर बदलले नाही, शेजार बदलला नाही. राज्य मात्र तिच्या उंबरठ्याबाहेर तीन वेळा निराळे झाले.

या तिन्ही वेळी तिला कोणी काही विचारले होते काय? हा प्रश्न त्या पत्रांनी माझ्या मनात निर्माण केला. एखाद्या प्रदेशाने मोठ्या संघात राहावे, त्यातून वेगळे व्हावे किंवा दुसऱ्यात मिसळावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? संसदेचा, विधानसभेचा की प्रत्यक्ष तेथे राहणाऱ्या माणसांचा? ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा वाद जगभर गाजला. परंतु तो समजून घेण्यासाठी आपल्याला लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. रायपूरच्या भूमीवरच त्याची उदाहरणे सापडतात.

त्यांपैकी एक उदाहरण आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या दोनच आठवडे आधी, छत्तीसगढ आणि ओडिशा भागांतील बहुतेक संस्थानिकांनी एकत्र येऊन ‘पूर्वेकडील संस्थानांचा संघ’ स्थापन केला. त्याचे मुख्य ठाणे रायपूरच्या राजकुमार कॉलेजात होते. राजघराण्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी उभारलेल्या त्या संस्थेच्या आवारातून काही महिने एका संघाचा कारभार चालला. तो टिकला नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल आधी कटकला आणि मग नागपूरला आले. ओडिशातील संस्थानिकांनी कटक येथे आणि छत्तीसगढमधील संस्थानिकांनी नागपूर येथे विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. १ जानेवारी १९४८ पासून छत्तीसगढमधील चौदा संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या कारभाराखाली आली. संघ पाच महिन्यांत संपला.

विलीनीकरण झाले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. लहानलहान संस्थानांत विखुरलेल्या प्रजेला एका मोठ्या लोकशाही देशात येण्याची वाट त्यामुळे खुली झाली. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तो संघ स्थापन करताना प्रजेचे मत घेतले गेले नव्हते आणि तो विसर्जित करतानाही नाही. राजांनी सही करून तो बांधला आणि राजांनीच सही करून तो सोडला. सरगुजा, कांकेर, जशपूर येथील शेतकऱ्याला आपण एका संघात होतो, हे कदाचित तो मोडल्यावरही कळले नसेल.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही स्थिती बदलली. पण किती बदलली, हे नीट पाहिले पाहिजे. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ असल्याचे म्हटले आहे. हा शब्द सहज योजलेला नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यामागील भूमिका स्पष्ट केली. हा संघ राज्यांनी आपापसांत करार करून निर्माण केलेला नाही. म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा तिचा आशय होता. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याची शपथ निवडणुकीच्या उमेदवारांनाही बंधनकारक झाली. देशातून बाहेर पडण्याचा प्रश्न आपल्या घटनेने अशा रीतीने मिटविला आहे.

देशाच्या आत मात्र घटनेने संसदेला फार मोकळा हात दिला आहे. अनुच्छेद ३ नुसार संसद नवे राज्य निर्माण करू शकते, राज्याची सीमा बदलू शकते, त्याचे नावही बदलू शकते. यासाठी साधे बहुमत पुरते. घटनादुरुस्तीची गरज नसते. ज्या राज्याचा प्रश्न असेल, त्याच्या विधानसभेकडे राष्ट्रपती विधेयक मतासाठी पाठवितात. ते मत किती मुदतीत द्यायचे, हेही ठरवून दिले जाते. मत आले तर ते ऐकायचे. मान्य केलेच पाहिजे असे नाही. याउलट देशाचा एखादा तुकडा परक्या देशाला द्यायचा असेल, तर घटनाच बदलावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणी स्पष्ट केले. म्हणजे देशाच्या बाहेरच्या भिंतीला हात लावणे अवघड. घरातल्या खोल्यांच्या भिंती हलविणे त्या मानाने सोपे.

याचा अनुभव मराठी माणसाने फार लवकर घेतला. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेचे विधेयक संसदेपुढे आले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे घटक सुचविलेले होते. मुंबईच्या विधानसभेने आपले मत दिले ते या प्रस्तावावर. पुढे संसदेत विचार बदलला आणि तिन्ही मिळून एकच विशाल द्विभाषिक मुंबई राज्य करण्यात आले. बदललेल्या प्रस्तावावर विधानसभेचे मत पुन्हा घेतले नाही, म्हणून कायदा अवैध आहे, असे सांगत बाबूलाल पराते न्यायालयात गेले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. एकदा मत विचारले की पुरे. विधेयकात प्रत्येक बदल केल्यावर ते पुन्हा पाठविण्याची आवश्यकता नाही, असा तो निर्णय होता. कायद्याच्या दृष्टीने तो निर्विवाद असेल. पण माझ्या मनाला तो आजही खटकतो. एका गोष्टीला दिलेले मत दुसऱ्या गोष्टीसाठी वापरणे, हा व्यवहार घरातही कोणाला रुचत नाही.

त्याच पुनर्रचनेत नागपूर आणि रायपूर यांची ताटातूट झाली. हे नाते जुने होते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर आली. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत असत. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हाही राजधानी नागपूरच होती. या दीर्घ काळात अनेक मराठी कुटुंबे रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव येथे स्थायिक झाली आणि तेथील जीवनाशी एकरूप झाली. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे, हे सर्व मराठी भाषिक होते. घरी मराठी बोलणाऱ्या माणसांनी हिंदी पत्रकारितेची पायाभरणी केली. भाषेच्या रेघेवर माणसांची वाटणी करणे किती कठीण असते, हे या तीन नावांवरून लक्षात यावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगढ नव्या मध्य प्रदेशात राहिले. नागपूर रायपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर. रेल्वेने भोपाळ त्याच्या दुपटीहून दूर. सरकारी कामासाठी आधी जेथे एका रात्रीत जाऊन येता येई, तेथे आता दोन रात्री प्रवासात जात. आत्या याविषयी तक्रार करीत नसे. ‘राजधानी लांब गेली’ एवढेच ती म्हणे, जणू एखादी लेक दूरच्या गावी दिली असावी.

येथे इतिहासाने केलेली एक गंमत सांगण्यासारखी आहे. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे, अशी शिफारस केली होती. छत्तीसगढबाबत तशी शिफारस नव्हती. तो प्रदेश मध्य प्रदेशातच ठेवावा, असे आयोगाचे मत होते. प्रत्यक्षात विदर्भ आधी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिला, तर छत्तीसगढ स्वतंत्र झाले. विदर्भात ही मागणी आजही अधूनमधून उठते. नागपूरहून येणारे आमचे नातेवाईक रायपूरची नवी कार्यालये, रुंद रस्ते पाहतात आणि काही वेळ गप्प होतात. त्या गप्प राहण्यात काय काय असते, ते मी विचारत नाही.

छत्तीसगढची मागणीही एका दिवसात उभी राहिली नव्हती. डॉ. खूबचंद बघेल यांनी १९५६ मध्येच छत्तीसगढ महासभा स्थापन केली होती. मागणी मान्य होण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. त्या काळातील मध्य प्रदेश विधानसभेत ३२० सदस्य होते आणि त्यांपैकी छत्तीसगढचे ९०. म्हणजे छत्तीसगढच्या सर्व आमदारांनी एकमुखाने मागणी केली असती, तरी उरलेल्या २३० जणांच्या संमतीवाचून विधानसभेचा ठराव होऊ शकला नसता. १९९४ मध्ये असा ठराव मंजूर झाला. पुढे संसदेने मध्य प्रदेश पुनर्रचना कायदा केला, २५ ऑगस्ट २००० रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य अस्तित्वात आले. ज्याच्यापासून वेगळे व्हायचे, त्यानेच वाट मोकळी करून दिली. रस्त्यावर रक्त सांडले नाही. या संमतीचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे मला वाटते.

तुलनेसाठी तेलंगणाकडे पाहावे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले. तरीही फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. कायद्याने यात काहीही वावगे नव्हते. तेलंगणाच्या जनतेची मागणीही खरी आणि जुनी होती. विधानसभेतील बहुमत आंध्रच्या बाजूचे असताना त्या जनतेने न्याय कोठे मागायचा, असा प्रश्न कोणी केला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. संसदेचा शेवटचा अधिकार अशाच प्रसंगासाठी आहे, हे मी मान्य करतो. मात्र जेथे एका बाजूने नकार दिला, तेथे दुरावा अधिक काळ राहिला आणि जेथे दोन्ही बाजूंनी होकार दिला, तेथे तो लवकर निवळला, हेही तितकेच खरे.

मग थेट लोकांनाच का विचारू नये? आपल्या देशात हा प्रयोग झालेला आहे, आणि तोही मराठी मुलखाच्या शेजारी. गोवा १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला. त्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, यावर मोठा वाद पेटला. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर होता. केवळ विधानसभेच्या बहुमतावर निर्णय झाला असता, तर तो विलीनीकरणाच्या बाजूने गेला असता. परंतु संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून जनमत कौल घेण्याचे ठरविले. निःपक्षपाती मतदान व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी पद सोडले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. थोड्याच आठवड्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि गोव्याच्या जनतेने बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. पक्ष हवा होता. त्याचे विलीनीकरण नको होते. पक्षाला दिलेले मत म्हणजे त्याच्या प्रत्येक मागणीला दिलेले मत नव्हे, हे यातून जितके स्पष्ट होते, तितके एखाद्या ग्रंथातूनही होणार नाही. ज्या मराठी माणसांना गोवा महाराष्ट्रात यावा असे मनापासून वाटत होते, त्यांना तो निकाल लागला. पण त्यांनी तो स्वीकारला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

आता ब्रिटनकडे वळू. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात सामील झाला. १९७५ मध्ये सार्वमत घेतले, तेव्हा सुमारे ६७ टक्के मतदारांनी आत राहण्याचा कौल दिला. पुढे समुदायाचा संघ झाला, त्याचे कायदे वाढले आणि एक तक्रार जोर धरू लागली. ब्रिटनमध्ये आपल्यासारखी एकत्र लिहिलेली राज्यघटना नाही. तेथे संसद हीच सर्वोच्च मानली जाते. अशा संसदेने केलेल्या कायद्यापेक्षा युरोपीय कायदा वरचढ कसा ठरू शकतो, असा विरोधकांचा प्रश्न होता. दुसरी बाजू म्हणे की, ज्या संसदेने आपणहून हे बंधन स्वीकारले तीच ते सोडूही शकते. मग तिचे सार्वभौमत्व गेले कोठे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले आणि ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून हे मतदान झाले, असे सांगितले जात होते. पण त्याची अंमलबजावणी संसदेला न विचारता करता येईल, अशी भूमिका सरकारने घेतली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, संघातून बाहेर पडण्याची सूचना देण्यासाठी संसदेचा कायदाच हवा. तो झाला. पुढे २०१९ मध्ये बाहेर पडण्याचा करार संसदेने तीन वेळा फेटाळला. पंतप्रधान बदलले, निवडणुका झाल्या आणि अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मतदारांनी आत राहण्याचे मत दिले होते. त्यांनाही बाहेर पडावे लागले.

गोव्याचा कौल पचला आणि ब्रिटनचा इतकी वर्षे घशात का अडकला? ब्रिटनमधील फरक निसटता होता, हे एक कारण असेल. परंतु मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. गोव्यात फूल आणि दोन पाने या दोन्ही चिन्हांचा अर्थ मतदानापूर्वीच स्पष्ट होता. फूल निवडले तर महाराष्ट्राचा भाग. पाने निवडली तर आहे तसा केंद्रशासित प्रदेश. ब्रिटनमध्ये ‘राहणे’ म्हणजे काय ते ठाऊक होते. ‘जाणे’ म्हणजे नेमके काय, हे मतदानाच्या दिवशी ठरलेलेच नव्हते. व्यापार कसा होणार, आयर्लंडच्या सीमेवर तपासणी असणार की नाही, यांवर प्रत्येकाची कल्पना निराळी होती. लोकांनी दार निवडले. दारापलीकडचा रस्ता संसदेला शोधावा लागला. यात दोष लोकांचा नव्हता. दोन्ही वाटा मांडून दाखविण्यापूर्वीच प्रश्न विचारणाऱ्यांचा होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. राज्यांच्या सीमांविषयी शेवटचा शब्द संसदेचाच असावा, कारण संपूर्ण देशाचे हित पाहणारी दुसरी संस्था आपल्याकडे नाही. परंतु संबंधित विधानसभेला विचारणे हा टपालाचा उपचार होऊ नये. विधेयक मूळ रूपात बदलले, तर मत पुन्हा घ्यावे. विधानसभेने नकार दिला, तर तो का डावलला याची कारणे संसदेने लेखी नोंदवावीत. यासाठी घटना बदलण्याचीही गरज नाही. संकेत पुरेसा आहे. आणि विधानसभेचे मत व जनतेचे मत यांत अंतर असल्याची दाट शंका असेल, तेथे गोव्याचा मार्ग मोकळा ठेवावा. असे कौल वारंवार घेतले तर देश सतत मतदानाच्याच रांगेत उभा राहील, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. गोव्यानंतर आपल्याकडे हा मार्ग फार क्वचित वापरला गेला, याचे मला नवल वाटत नाही. तरी तो बंद आहे, असे मात्र कोणी समजू नये.

वेगळे होणे एका तारखेला संपत नाही, हेही विसरता येत नाही. मध्य प्रदेशचे विभाजन झाले, तेव्हा कर्मचारी, कर्जे, वीजकेंद्रे यांची वाटणी करावी लागली. विभाजनापूर्वी निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार दोन्ही राज्यांवर लोकसंख्येच्या प्रमाणात टाकण्यात आला. त्यामुळे त्यांच्या महागाई भत्त्यात वाढ करताना वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांच्या संमतीची पत्रे भोपाळ आणि रायपूर यांच्यात ये-जा करीत राहिली. नकाशावर रेघ ओढून झाली, तरी वृद्ध माणसांच्या पासबुकात जुने राज्य आणखी कितीतरी काळ जिवंत होते.

डिसेंबर २००० मध्ये छत्तीसगढ विधानसभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा नव्या राज्याकडे स्वतःचे सभागृह नव्हते. ते राजकुमार कॉलेजात भरले. १९४७ मध्ये ज्या आवारात संस्थानिकांच्या संघाचे ठाणे होते, त्याच आवारात. या वेळी आत बसलेले नव्वद जण लोकांनी निवडून दिलेले होते. आज विधानसभेची भव्य इमारत नवा रायपूर येथे उभी आहे. परंतु मला ते जुने आवारच अधिक आठवते. २००३ मध्ये छत्तीसगढच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा मी आत्याला मतदानाला घेऊन गेलो होतो. परतताना रिक्षा त्या कॉलेजच्या बाजूने गेली. बोटावरची शाई वाळली की नाही हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती. मग तिने मला विचारले, ‘आता तरी पत्ता हाच राहील ना रे?’ मी हो म्हणालो. रिक्षा तात्यापाऱ्याकडे वळली.